टॉफीच्या नरड्यात अडकलेला वाटा

चि. रुपा हिला, डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरून तुझ्या बापाची आई जिवनबाई हिचा आशीर्वाद. तू रागात असलीस तरी घेऊन ठेव, राग उतरल्यावर कामाला येईल.

सेवाभायाच्या कृपेनं इकडं सगळे बरे हायत. माझा गुडघा कुरकुरतो, पन मी त्याला विचारत न्हाई आन तो थांबत न्हाई. तुझी तब्येत कशी हाय? पुण्यात जेवण बराबर करतेस का? (फोनवर जेवढी ओरडलीस त्यावरून छाती दमदार दिसली, म्हनून जास्ती विचारत न्हाई.) टॉफीची तब्येत चांगली हाय. खाते, हिंडते, माझ्या खाटेवर झोपते आन मला कडेला ढकलते. "टॉफी चांगली हाय" हे वाक्य वाटलं तर दोनदा वाचून घे, कारन पुढचं वाचताना तुला त्याची गरज पडणार हाय.

परवा तू म्हनलीस, आजी, टॉफी तुझ्याकडं सेफ न्हाई, येत्या ऐतवारी गाडी पाठवते, तिला पुण्याच्या कुत्र्यांच्या होस्टेलात टाकते. एवढं बोलून फोन कट केलास. त्यानंतर मी कितीदा लावला, उचलत न्हाईस. म्हनून ही वही घेऊन बसले. मी तिसरीपर्यंत शाळा पाहिलेली बाई, बोलताना आपली गोरमाटी, पन कागदावर मराठीच उतरते, शाळेत तीच मारून शिकवली. आपल्या तांड्यातला थावरा आज केळीचा टेम्पो घेऊन नांदेडला जाऊन राहिला, तो हा कागद पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या डायवरजवळ देईल. फोन तू कट केलास, कागद कसा कट करशील? फाडायचा तर फाड, पन वाचून फाड.

आता तू जो व्हिडिओ पाहिलास त्याचं सांगते. तो काढला नायकाच्या सुनेनं, पुजानं. आपल्या तांड्याचा नायक मोहनसिंग टॉफीचे मागचे दोन पाय वर धरून उभा, टॉफीचं डोकं खाली, आन मी वाकून तिच्या पोटावर मुठीनं दाबून राहिले, असं त्यात दिसतं. खरं हाय. पन पुजानं त्यातला आवाज काढून टाकला आन वर लग्नातलं गाणं लावलं. गाणं लावून कुनाचा जीव वाचवतानाचं पाहिलं तर ते मारहाणीसारखंच दिसणार. आन ही गोष्ट हळद शिजवून अंगणात वाळत घातली होती तवाची, दीड महिना झाला. पुजाला स्टेटसवर टाकायला आता सुचलं. (तवाच तुला काहून सांगितलं न्हाई, असं विचारशील. तवा सांगितलं असतं तर तवा ओरडली असतीस. मी तुझा घसा दीड महिना वाचवला.)

सगळी आग तुझ्या पिशवीची. घरमालकाला कुत्रं चालत न्हाई म्हनून तू टॉफीला माझ्याकडं आणून सोडलंस, नवीन घर सापडेपर्यंत. सोबत तिची गादी, तिचा कंगवा आन ती चामड्याच्या हाडांची पिशवी. चामडं वाळवायचं, पांढरं करायचं, पिळून त्याला दोन्हीकडून गाठी मारायच्या आन त्याला हाड म्हनायचं. तुझ्या आजोबाचा जोडा त्याहून मऊ होता. पन टॉफीला ते आवडायचं. कोपरापासून मनगटापर्यंत लांब हाड, दोन पायात धरून दुपारभर चघळत बसायची, म्हातारी पान चघळते तशी. तिचं बराबर चाललं होतं. बिघडलं ते तांड्याच्या रीतीमुळं.

तू लहान असताना इथं सुट्टीला यायचीस, तुला आठवत असेल, तांड्यात बाहेरून काही आलं की घरटी वाटा निघतो. नवरीचा गूळ असो, बोकड असो, सगळे वाटे सारखे. मागच्या बोकडात पुजानं माझ्या वाट्याला कलेजी कमी टाकली, तवा मी नायकाच्या ओसरीवर जाऊन चार गोष्टी बोलले होते. (चार न्हाई, जास्ती होत्या, पन सगळ्या खऱ्या होत्या.) तर टॉफी हाड चघळायला बसली की तांड्यातली समदी कुत्री माझ्या अंगणात रांगेनं येऊन बसायची, आन सगळ्यात पुढं नायकाचा शेरू. नायकानं ते पाहिलं. धोतर-पटका चढवून, चार माणसं घेऊन माझ्या दारात आला.

"जिवनबाई, कलेजीच्या एका तुकड्यासाठी तू माझी ओसरी डोक्यावर घेतलीस. आता पुण्याहून खाऊ आला, तर आमच्या शेरूचा वाटा कुठं हाय?"

मी म्हनले, "नायक, शेरू तांड्याची पट्टी भरतो का?"

"पट्टी न्हाई भरत, पन राखण करतो. तुझी पाहुणी तर चोर आला की त्याचे पाय चाटते."

ते खोटं न्हवतं, म्हनून मला जास्तीच झोंबलं. चारचौघात मीच रीत सांगितलेली, मला माघार घेता येईना. म्हनलं, घ्या वाटा. पन हाडं थोडी आन तोंडं जास्ती. सारखे वाटे करायचे तर तोडावं लागणार. विळ्यानं तुटेना, मंग ओंडक्यावर ठेवून कुऱ्हाडीनं तोडले. एकेक तुकडा लिंबाएवढा, सगळे सारखे, नायकानं सोता उचलून पाहिले, कुठं खोट निघाली न्हाई. रुपा, तिथंच चूक झाली. लांब हाड कुत्र्याला गिळता येत न्हाई, म्हनून ते चघळतं. मी आन नायकानं मिळून त्याचा बराबर नरड्यात बसेल असा घास करून दिला. तू म्हनशील, पाकिटावर लिहिलं होतं. व्हय, लिहिलं होतं, इंग्रजीत. मला इंग्रजी येत न्हाई, टॉफीला येत न्हाई, मंग ते कुनासाठी लिहिलं?

एरवी दुपारभर चघळणारी तुझी टॉफी, शेरू बाजूला उभा दिसला आन तिला वाटलं हा आपला घेतो. तिनं तुकडा न चावता गिळला. शेरूनं त्याचा खाऊन पण टाकला, आन ही तोंड उघडून उभी. आवाज न्हाई, खोकला न्हाई. पुढच्या पायानं तोंड ओरबाडायला लागली, लाळ गळायला लागली, जिभेचा रंग जांभळासारखा व्हायला लागला. मी आयुष्यात लई जनावरं मरताना पाहिली, रडत बसणारी बाई मी न्हाई, पन त्या वक्ताला माझ्या डोळ्यासमोर टॉफी न्हवती, तू होतीस. हिला काय सांगू, एवढंच डोक्यात येत होतं.

तांडा म्हनजे सल्ल्याची खाण. कोन म्हनतं कोरडी भाकर चारा, ती ढकलत नेईल. कोन म्हनतं चप्पल हुंगवा. (चप्पल पाहून टॉफीनं शेपूट हालवलं, तिला वाटलं ती पण वाट्यातली.) आन मी, तुझी शानी आजी, घरात धावले आन तेलाची बाटली आन बांबूची नळी घेऊन आले. आपले वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले. बैलाच्या नरड्यात आंब्याची कोय अडकली की नळीनं तेल सोडायचं, हे मी सासऱ्याला करताना पाहिलं होतं. म्हनलं, कुत्रं काय न् बैल काय, नरडं ते नरडंच. नायकाला म्हनले, धर तोंड. त्यानं धरलं, मी बाटली कलती केली, आन टॉफीनं अशी मुंडी झटकली की समदं तेल नायकाच्या पटक्यावर, मिशीवर, धोतरावर. तिथून तो घसरला तो वाळत घातलेल्या हळदीत. तेल आन हळद. एवढ्या वयात पुन्हा नवरदेव झाला.

तेवढ्यात थावरानं डोंगरकड्याला येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईला, आकांक्षाबाईला, फोन लावला होता, मोठ्या आवाजावर. पोरगीच हाय, तुझ्याएवढी. पन काय ओरडली! "आजी, ते तेल आधी खाली ठेवा! कुत्रं आहे ते, बैल नाहीये! तेल, पाणी काही पाजलंत तर फुप्फुसात जाईल!" मंग म्हनली, तोंड उघडून आत बघा, तुकडा दिसतो का. दिसला तर बोटांनी बाहेर ओढा, न दिसला तर उगाच बोटं खुपसू नका, अजून आत जाईल. मी पाहिलं, दिसेना. मंग म्हनली, मागचे पाय वर उचला, डोकं खाली, खांद्यांच्या मधी थापटा, तरी न्हाई निघाला तर बरगड्या संपतात तिथं मूठ ठेवून पुढं-वर जोरात दाबा. पिवळ्या नायकानं पाय उचलले. मी थापटलं. मंग मूठ लावून दाबलं, एकदा, दुसऱ्यांदा, आन तो तुकडा बंदुकीतून सुटल्यासारखा बाहेर. टॉफीनं असा श्वास घेतला की मला वाटलं माझ्याच छातीत हवा गेली. पुजाचा व्हिडिओ इथंच संपतो. तिला पुढचं काढायला जमलं न्हाई, कारन पुढं तिचीच बोंब होती.

तो उडालेला तुकडा खाली पडलाच न्हाई. शेरूनं वरच्यावर झेलला आन गिळला. एका क्षणात टॉफी बाजूला राहिली आन समदा तांडा शेरूचे पाय धरायला धावला. शेरूच्या नरड्यातून तो गेला, गुमान गेला, पन डॉक्टरीणबाई म्हनल्या, एवढा तुकडा आतड्यात पण अडकू शकतो, दोघांनाही घेऊन या. मंग थावराच्या टेम्पोत केळीच्या पानांवर दोन कुत्री, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हळदीचा नायक. वाटेत कलेजीचा विषय पण निघाला न्हाई.

तिथं त्या पोरीनं आमा दोघांना शाळेसारखं उभं केलं. खाऊ असा द्यायचा की तो तोंडापेक्षा मोठा असला पाहिजे, तोडून द्यायचा न्हाई. चघळून चघळून लहान झाला की तो शेवटचा तुकडा काढून घ्यायचा. कुत्रं खात असताना सोबत बसायचं. दुसऱ्या कुत्र्यासमोर द्यायचा न्हाई, हावरटपणानं गिळतात. शिजवलेलं हाड न्हाई, त्याच्या कपच्या होतात. मक्याच्या कणसाचा दांडा न्हाई, आंब्याची कोय न्हाई. चामड्याचं हाड तर माझं ऐकाल तर आणूच नका, म्हनली. नायकानं विचारलं, मंग वाट्याच्या रीतीचं काय? ती म्हनली, "रीत माणसांपुरती ठेवा, आजोबा." नायकाला कोनी आजोबा म्हनलेलं आवडत न्हाई. मला ती पोरगी लई आवडली.

उरलेली पिशवी मी चुलीत टाकली. (वास असा आला की शेजारच्या मिराबाईनं विचारलं, कोन गेलं?) शेरूला उलटी होते का, जेवतो का, परसाकडं बराबर जातो का, हे पाहायला सांगितलं होतं, आन नायकाला जवळचं दिसत न्हाई, म्हनून तो रोज शेरूला घेऊन माझ्या अंगणात यायचा. दोघांची नजर दोघांवर. टॉफी खायला लागली की मी तिच्या तोंडासमोर, शेरू खायला लागला की नायक त्याच्या तोंडासमोर. तवापासून टॉफीला साधा ठसका लागला न्हाई. आता तूच सांग, पुण्याच्या होस्टेलात तिच्या तोंडासमोर कोन बसणार हाय? एवढं समदं झाल्यावर तुला वाटत असेल की ती इथं सेफ न्हाई, तर तुझ्या समजुतीपुढं मी काय बोलू. मी अडाणी बाई. थोडं लिहिलं हाय, रागानं जास्ती वाचू नको.

तुझी,
आजी जिवनबाई

ता.क. – या कागदासोबत एक गुलाबी रबर हाय, केसाला बांधायचा. शेरूसाठी परसाकडं पाहायला सांगितलं होतं तर मी टॉफीचं पण पाहिलं, दुसऱ्या दिवशी तिच्यातून हा निघाला. तांड्यात असा रबर कुनाचाच न्हाई. सेफ घरातून आलेला दिसतो. दोन पाण्यांनी धुतला हाय, वापरायला हरकत न्हाई.

ता.क. दुसरा – ऐतवारी गाडी पाठवू नको. डॉक्टरीणबाई म्हनल्या, टॉफीला आता एवढ्या लांबचा प्रवास नको. काहून, ते खाली लिहिते. आधी पाणी पी. (बसून पी, घोट घोट. ठसका लागला तर तुझे पाय धरायला तिथं नायक न्हाई.)

ता.क. तिसरा – टॉफीला दिवस गेलेत. परवा पोट चाचपून डॉक्टरीणबाईनं सांगितलं. शेरूचंच हाय, दुसऱ्या कुनावर संशय घ्यायला जागा न्हाई. नायक आता मला चारचौघात विहीणबाई म्हनतो आन पुजा गपचूप कलेजी आणून देते. आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. टॉफीचं माहेर कोनतं, यावर भांडू नको, तुझ्या घरमालकानं तो निकाल कवाच दिलाय. तू सोताला तिची मम्मी म्हनवतेस ना? मंग रजा काढ आन ये.

ता.क. शेवटचा – आल्यावर माझ्यावर ओरडू नको. डॉक्टरीणबाईनं तोंडावर नजर ठेवा म्हनलं, आमी दोघांनी तोंडावर ठेवली, पापणी हालू दिली न्हाई. दुसऱ्या टोकाचं त्यांनी काही सांगितलंच न्हवतं.