लडकूची जागा

३ फेब्रुवारी १९८६, मोहोपाडा
कबूल करतो, पयल्याच दिवशी नको ते केलं.

शेलूहून ट्रंक घेऊन आलो, कारखान्याच्या काँप्युटरवर चिकटलो. गार हवा, फिरती खुर्ची, ऐश! सायेब शिकवत होते, मी जांभया देत होतो. म्हणे, या डबड्यात दर कामगाराचं एक पान. पानं ढीगभर, आत जागा थोडी. कुणी पान मागितलं की त्यावर खूण बसते. नवीन पान आत घ्यायचं झालं की घड्याळासारखा काटा एकेका पानावरनं फिरतो. खूण दिसली तर पुसून पुढं जातो, खूण नसलेलं सापडलं की ते बाहेर, तबकडीवर, म्हणजे अडगळीतच. एवढ्यासाठी सायबाला टाय लागतो! आमच्या पंगतीत वाढपी हेच करतो.

तेवढ्यात स्टोअरमधला म्हातारा लडकू आला. म्हणाला, "काय रं शेलूकर, बटणं दाबून पोट भरतं काय?"

माझं नाव चढवायचं होतं, जागा पायजे होती. मी लडकूची खूण पुसली आणि काटा सोडला. मस्करी हो.

५ फेब्रुवारी
स्टोअर बंद. तिथला माणूस कुठं, विचारलं तर म्हणतात, तिथं कधी माणूस होता रं? गाढवं! तोंडावरच म्हटलं. दहा वर्षं यांनी त्याचीच तंबाखू खाल्ली.

८ फेब्रुवारी
त्याची बायको मंगळी डबा घेऊन गेटवर उभी. वॉचमनला विचारत होती, ह्यो मी कुणासाठी आणला? तो खदखदा हसला. डबा मीच घेतला. भाकरी, सुकट. तसाच झाकून ठेवला.

११ फेब्रुवारी
आज लडकूचं पान परत मागितलं. पडद्यावर आलं, जागा नाय, एक बाहेर जाईल. खाली नाव — माझं. आल्यापास्नं मला कुणी एकदाही विचारलं नाय, मग पानावर खूण कुठली? झटकन रद्द केलं.

१२ फेब्रुवारी
सगळ्यांना सांगितलं, मला हाक मारा रं. नावानं हाक म्हणजे पान मागणंच, खूण बसंल. गाढव म्हटलेलं विसरले नायत. एकानं पण —

१३ फेब्रुवारी
मंगळी परत आलीय. हातात पुरुषाचा सदरा. हुंगते. ओठ हलतात. ल — ल —

तिनं हाक मारली की तो आत, आणि मी —

वाचणाऱ्या, पाया पडतो. ते नाव तिला सांगू नको. कुणालाच नको. तिनं तोंड उघडलं. सांगू नको रं, सां