टोमॅटोचे शुभकार्य

मु. पो. कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली
दि. १० फेब्रुवारी २००२

आदरणीय प्रज्ञेशदादा यांस रत्नपाल मास्तरचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सर्व खुशाल. आपली रक्तातली साखर ताब्यात आली का, वहिनींचा गुडघा औरंगाबादच्या जिन्यांना सरावला का, ते कळवावे. आपले पत्र पोचले. आप्पांच्या शेडला गिऱ्हाईक आले आहे, तेव्हा करुणाला समजावा, टोमॅटोचा नाद सोडवा आणि मार्चअखेर शेड रिकामे करून द्या, असे आपण लिहिले. आप्पांच्या माघारी शेड तुम्हा दोघा बहीणभावांच्या नावावर, त्यामुळे आपला शब्द खाली पडू देणे मला, घरच्या जावयाला, शोभत नाही. मी समजावायला गेलोही होतो. शेडमध्ये शिरताच करुणाच्या जोडीला काम करणाऱ्या भिकाबाईने माझ्यापुढे विळी सरकवली आणि मी दोन पाट्या टोमॅटो चिरून घरी आलो. समजावण्याचा विषय निघालाच नाही. (वीस वर्षे चौथीचा वर्ग धाकात ठेवलेला माणूस आहे मी, हे लक्षात घ्यावे.)

मुळात हे खूळ आले कुठून, असे आपण विचाराल. गेल्या वर्षी वसमतच्या बाजारात टोमॅटोचे भाव इतके पडले की लोक पाट्या रस्त्यावर ओतून घरी गेले. शेळ्यासुद्धा तोंड लावीनात. करुणाने ते एस.टी.च्या खिडकीतून पाहिले. दुसरी बाई हळहळली असती. ही परभणीला जाऊन आठ दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आली, सहा जणी जमवल्या आणि आप्पांच्या शेडात सॉस शिजवायला लागली. पण टोमॅटो ही जात (आता मी यातला जाणकार आहे) मोठी बेइमान. स्वस्त असला की दारात ढीग, भाव चढला की कोणी ओळख देत नाही. त्यात आपल्याकडचा टोमॅटो भाजीचा, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. पातेलेभर शिजवावा तर तळाशी उरतो. गर काढायचे यंत्र सुरू झाले की वीज जाते, आणि ती येईपर्यंत गर आंबतो. नांदेडहून बाटल्या आल्या त्या एका मापाच्या आणि झाकणे दुसऱ्या. करुणा कशावरच चिडत नाही. तिच्या वाटणीचे मी चिडतो.

खरी फजिती झाली ती कढईने. पहिल्या खेपेला मोठे भांडे हवे होते, आणि आपल्या गावात मोठे भांडे म्हणजे हळद शिजवायची लोखंडी कढई. कोणीतरी (नाव घेत नाही) हळद पिकवणाऱ्या देवलाच्या शेतातून ती बैलगाडीत घालून आणली. बायकांनी राखेने तीनदा घासली. पण दहा वर्षांची मुरलेली हळद राखेला कुठे दाद देते? सॉस तयार झाला तो थेट हळद लागलेल्या नवरदेवाच्या रंगाचा. तरी आम्ही चाळीस बाटल्या घेऊन हिंगोलीला गेलो. तिथे स्टेशनाजवळ गुलाबचंदांचे कचोरीचे हॉटेल आहे. त्यांनी झाकण उघडले, वास घेतला आणि फार अदबीने म्हणाले, "भाभी, पिठलं तो बढिया है. सॉस कब लाओगे?"

चाळीसच्या चाळीस बाटल्या परत. आता ही आपणहून नाद सोडेल आणि आपले काम परस्पर होईल, असे माझ्या मनात आले. (खोटे कशाला बोलू, थोडे हायसेही वाटले.) कुरुंद्याला एस.टी.तून उतरली, ती घरी न जाता तडक विहारात गेली. तिथे पंगतीची मोठी स्टीलची पातेली आहेत, पण ती लग्न, बारसे अशा कार्यालाच मिळतात आणि ती विहाराची भांडी सांभाळणाऱ्या तातेरावांच्या ताब्यात. वहीत कार्याचे नाव लिहिल्याशिवाय तातेराव झाकणाला हात लावू देत नाहीत. कोणाकडचे कार्य, असे त्यांनी विचारले. करुणा म्हणाली, "ल्ह्या, टोमॅटोचं शुभकार्य. सात घरचं हाय." तातेरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तसेच लिहिले. मी इतकी वर्षे तालुक्याला अर्ज लिहितो आहे, पण माझ्या अर्जाने कधी साधी खुर्ची हलली नाही.

त्या पातेल्यांतला सॉस लालभडक निघाला. भिकाबाईला अक्षर येत नाही, पण ताटलीवर थेंब टाकून त्याच्या कडेने पाणी सुटते का, एवढे ती बघते. सुटले नाही की पातेले उतरवायचे. परवान्यासाठी अन्नखात्याचे साहेब आले, त्यांनी घट्टपणा मोजायची नळी डोळ्याला लावून भिकाबाईने उतरवलेली तीन पातेली तपासली आणि तिन्ही वेळा घट्टपणा बराबर भरला. मग साहेबांनी नळी खिशात घातली आणि भिकाबाईकडे ताटली मागितली. दादा, त्या वेळी करुणा बाजूला पदराने हात पुसत उभी होती आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. कोणी विचारले तर कांदा चिरत होतो असे सांगितले. गुलाबचंद आता दर आठवड्याला माल मागवतात.

असो. समजावण्याचे काम चालू आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक (निदान कागदावर),
रत्नपाल

ता. क. साहेबांनी सगळे पास केले, फक्त शेडच्या दोन्ही मालकांची संमती हवी आहे. कागद सोबत आहे. आपल्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे. मुदत २८ तारखेची. मी सही मागितली असे समजू नये, कागद फक्त सोबत जोडला आहे.

ता. क. दुसरे. कढई आणणारा 'कोणीतरी' म्हणजे मीच.

ता. क. तिसरे, करुणाच्या हातचे. दादा, जयभीम. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडंच दिलं, म्हणून मी वाचलं. मास्तर तुला भिऊन राहिले, मी न्हाई. शेड आप्पांचं हाय, तुझा हिस्सा तुझा. सही करायची तर कर. पण न्हाई म्हणायचं आसंल तर पत्रानं म्हणू नको. एस.टी.नं ये, आन ह्या सहा जणींच्या तोंडावर म्हण. भिकाबाई म्हणती, सकाळच्या गाडीनं या म्हणावं, ताटली मांडून ठेवते.