तुझ्या अंत्यविधीला मी सायकलवरून आले त्याबद्दल

कोल्लाबियांका, चौकातलं कॉफीचं दुकान
गुरुवार, सकाळ

प्रिय देल्फिना,

तुझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा करते. पत्राच्या सुरुवातीला हे वाक्य लिहायचं असतं असं नन्सनी आपल्याला शिकवलं, आणि साठ वर्षं मी ते कसलाही विचार न करता लिहीत आले. आज मात्र अगदी मनापासून लिहिते आहे, कारण परवा सकाळी साडेनऊ वाजता तू वारली होतीस. रक्तदाब, शेळ्या, छपराची गळती, सगळं कसं आहे ते कळव. माझं बरं चाललं आहे (डाव्या गुडघ्याविषयी नंतर). नऊ वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, याचा मी उल्लेखसुद्धा करणार नाही.

तू विचारशील, बहात्तराव्या वर्षी ही बाई सायकलवर काय करते आहे? डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत व्यायाम करा. म्हणून केवळ प्रकृतीसाठी मी सोमवारी समुद्रकाठाहून निघाले. रस्ता तुझ्या खोऱ्यातून जातो, हा रस्त्याचा दोष. दुकानदार मला मोटार बसवलेली सायकल गळ्यात मारायला बघत होता. मी म्हटलं, मोटार लावून घाट चढायचा म्हणजे उपासाच्या शुक्रवारी चोरून सॉसेज खायचं आणि वर पुण्य मागायचं. घाटात ते रंगीत, घट्ट कपड्यांतले पुरुष असतात ना, पोट पुढे आणि चाक मागे, तसे चौघे माझ्या शेजारून गेले. त्यांतला एक म्हणतो, “काय आजी, ढकलू का?” मी म्हटलं, “आधी स्वतःचं पोट वर पोचव, मग मला न्यायला ये.” दोन वळणांनंतर तोच कठड्यावर बसून धापा टाकत होता. मी घंटी वाजवली. (दोनदा. दुसऱ्यांदा गरज नव्हती.)

पण देल्फिना, तो चढ! मंगळवारी पहाटे निघाले आणि पहिल्या खिंडीत मागे वळून पाहिलं, तर कोर्सिका बेट समुद्रात नव्हतंच. समुद्राच्या वर हातभर, हवेत टांगून ठेवलेलं होतं. आपल्या वसतिगृहाच्या खिडकीतून दिसायचं तसंच. (सिस्टर इम्माकोलाता म्हणायच्या, ज्याचं मन स्वच्छ त्यालाच कोर्सिका दिसतं. तुला रोज दिसायचं. मठाच्या बागेतले अंजीर तूच चोरायचीस, तरीही.) मग समुद्रावरून धुकं उठलं आणि माझ्या मागोमाग घाट चढू लागलं, मला न ओलांडता, अदबीनं. पायऱ्यापायऱ्यांची ऑलिव्हची शेतं एकेक करून विरघळली. कुठेतरी शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या, शेळ्या मात्र नव्हत्या. रानातल्या पिवळ्या फुलांचा वास इतका दाट की त्याला टेकून उभं राहता आलं असतं. पायडल मारते आहे की नाही तेही कळेना. वाटलं, मी घरीच झोपले आहे आणि हळूहळू डोंगर चढतो आहे तो माझा पलंग.

अशा तंद्रीत मी कोल्लाबियांकात पोचले. आपल्या लोकांची सवय तुला ठाऊक आहे: परक्या गावात आधी पाणी प्यायचं, मग भिंतीवर डकवलेल्या कागदांत कोण वारलं ते वाचायचं. कारंज्यावर पाणी प्यायले आणि भिंतीकडे वळले. काळ्या चौकटीचा कागद, खळ अजून ओली. देल्फिना आल्लावेना, वय बहात्तर, विधवा. अंत्यविधी आज अकरा वाजता. तुझ्या गावात आता पाद्री राहत नाही, तुमची सगळी माणसं शेवटी इथल्याच चर्चमधून जातात, हे मला माहीत होतं. (कसं माहीत होतं ते विचारू नकोस.)

मी सायकलचं हँडल धरून उभी राहिले. माझ्या मनात आलेला पहिला विचार मुळीच ख्रिस्ती नव्हता. मनात आलं, आता मी रोज सकाळी उठून रागवायचं कुणावर?

कॉफीच्या दुकानातल्या बाईनं काळी शाल दिली. ती मी सायकलच्या विजारीवर गुंडाळली आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले. तुझ्या फोटोची छोटी कार्डं वाटत होते. फोटोत जाड भुवया, वाकडं नाक, ओठावर चक्क मिशी. मी मनात म्हटलं, बघा, नऊ वर्षांत डोंगराच्या हवेनं काय दशा केली! आणि मग, देल्फिना, मला रडू आलं. साधं नाही, आवाजासकट. तुझा नवरा गेल्यावर तू किनाऱ्यावरचं घर सोडून इकडे निघालीस, तेव्हा बेकरीत पाच माणसांदेखत मी तुला म्हणाले होते, “जा, जिवंतपणी पुरून घे स्वतःला!” त्यानंतर मी पाव दुसऱ्या बेकरीतून आणते, त्यांचा पाव कच्चा असतो, तरीही. तर मी उठले, शवपेटीपाशी गेले, तिच्यावर हात ठेवला आणि सगळ्या गावादेखत मोठ्यांदा तुझी माफी मागितली. काय काय बोलले ते सांगत नाही. लांबलचक होतं, आणि चांगलं होतं. बायका रडल्या. पाद्र्यानं घड्याळ पाहिलं.

बाहेर मयत बाईंचा मुलगा रेमिजो भेटला, पन्नाशीचा, हाताचे तळवे फावड्याएवढे. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, “मावशी, उपकार झाले. आईशी भांडली नाही अशी बाई या खोऱ्यात नाही, पण माफी मागायला तुम्ही एकट्याच आलात.” मी म्हटलं, बाळा, वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी-शेजारी होत्या. (तुला असा मुलगा नाही, हे रडण्याच्या भरात आठवलंच नाही.) तो म्हणाला, “वसतिगृहात? आई तर शाळेतच गेली नाही. दगड मारून शेळ्या राखायची.” मग त्याच्या लक्षात आलं. “अहो, तुम्ही मेर्लाकडच्या देल्फिनाबद्दल बोलताय! ती कुठली मरते? शनिवारीच आईला अंडी द्यायला आली होती, आणि आईनं ती लहान आहेत म्हणून परत केली. आई म्हणजे कोळसेवाल्यांची देल्फिना.”

आता तूच सांग. या खोऱ्यात सगळ्यांचंच आडनाव आल्लावेना, लग्नाआधीही आणि लग्नानंतरही. म्हणून तर घराण्याचं टोपणनाव असतं, आणि मेल्यावर ते भिंतीवर छापतात. पण हा नवा पाद्री! त्याला ‘कोळसेवाले’ हा शब्द मृत्यूच्या कागदावर शोभत नाही म्हणे, त्यानं काढायला लावला. शोभा राहिली आणि माझी माफी दुसऱ्याच बाईबरोबर पुरली गेली. पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर बसले, माझ्या हातून एक पाकीट चुकीच्या पत्त्यावर गेलं नव्हतं.

तू जिवंत आहेस हे कळल्यावर मला आनंद झाला असेल असं तुला वाटेल. मला संताप आला. एवढं रडवून ही बया अंडी विकत हिंडते आहे! रेमिजोकडच्यांनी जबरदस्तीनं जेवायला बसवलं (ससा, छान मऊ. तू शिजवतेस तसा नव्हे), आणि मग मी सायकल उलटी फिरवली आणि थेट समुद्राकडे सोडली. उतारावर वारा शालीत शिरला, डोळे पुन्हा वाहू लागले, ते वाऱ्यानं. खाली सगळं खोरं सोन्याच्या धुळीत पोहत होतं आणि मी त्याच्यावरून वजन नसल्यासारखी जात होते. नवव्या वळणावर ब्रेक लागेनात. एका पिवळ्या झुडपानं मला झेललं. बराच वेळ मी तिथंच उताणी पडून आकाश पाहिलं आणि शीळ घातली. शीळ मला कधीच जमली नाही, तूच घालायचीस. पण कुणी ऐकत नव्हतं.

असो. तुला दीर्घायुष्य लाभो, निदान माझ्यापेक्षा एक दिवस जास्त, कारण हा प्रकार मी दुसऱ्यांदा करणार नाही. शेळ्यांना आशीर्वाद.

तुझी (अजूनही रागावलेली)
एर्सीलिया

ता. क. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, हे खोटं. त्यांनी सायकल विकायला सांगितली होती. मी तुझ्याकडेच निघाले होते. मे महिन्यात बसनं दोनदा तुझ्या गावाच्या पाटीपर्यंत आले, आणि दोन्ही वेळा परतीची बस पकडली. सायकलला परतीची बस नसते, म्हणून सायकल.

ता. क. २. गुडघा भोपळ्याएवढा झाला आहे, त्यामुळे वर चढता येत नाही. ब्रेक जळाले आहेत, त्यामुळे खाली उतरता येत नाही. परवा संध्याकाळी रेमिजोनं मला सायकलसकट परत वर आणलं, तेव्हापासून कोल्लाबियांकात अडकले आहे. पाववाला ओत्ताव्यो हे पत्र तुझ्या हातात देईल आणि गाडी चालू ठेवून दारात थांबेल. त्याला उशीर होतो आहे, भरभर वाच.

ता. क. ३. ती माफी त्या बाईकडून परत मागता येत नाही, तिच्या घरच्यांना फार आवडली आहे. तुझ्यासाठी नवी करायला बसले होते. चार पानं झाली आणि लक्षात आलं की कागदावर मला फक्त रागावता येतं. तोंडानं जमेल असं वाटतं. तेव्हा ये. पुढच्या सीटवर बस, मागे पीठ असतं. आणि काळं घालू नकोस.