हात वर न करण्याचे दिवस

आई, माझं ऑपरेशन झालं. आजाराचं नाही. दोन बाळंतपणं झाली, मग मधुमेहाच्या भीतीने एवढं वजन उतरवलं, आणि छाती सैल पडून पोटाला टेकायला लागली. उन्हाळाभर खालच्या घडीत पुरळ यायचं, आरशात बघावंसं वाटायचं नाही. ती वर उचलून घेतली. तुझ्यासमोर बसून हे मला बोलता आलं नसतं. आपल्या घरात शरीराच्या त्या भागाला नावच नव्हतं. तू ‘पदर नीट घे’ एवढंच म्हणायचीस.

डॉक्टरबाईंनी सगळं आधी स्पष्ट सांगितलं होतं. निपलभोवती आणि तिथून खाली व्रण राहतील, फिके होतील पण जाणार नाहीत. स्पर्श काही महिने कळणार नाही, एखाद्या जागी कायमचाच नाही. वयाबरोबर छाती थोडी पुन्हा उतरेल. हे म्हणाले, ‘मग करायचं कशाला?’ डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, ‘मला हवंय म्हणून.’ एवढं बोलताना माझे कान तापले होते.

पण इतकं परावलंबी व्हावं लागेल याची मला कल्पना नव्हती. पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपायचं, कुशीवर वळायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. आमच्या कोथरूडच्या स्वयंपाकघरात चहाचा डबा वरच्या फळीवर असतो. मी त्याच्याकडे बघत उभी राहते आणि कुणी उठायची वाट बघते. लेक बेसिनवर वाकवून माझे केस धुते. हे सकाळी ऑपरेशननंतर घालायच्या घट्ट ब्राचे पुढचे हुक लावतात, भिंतीकडे बघत. एक हुक चुकला की सगळे काढून पुन्हा लावतात. रागवावं की रडावं, कळत नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकू भेटायला आल्या. कसलं ऑपरेशन, म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘गाठ होती. साधीच निघाली.’ त्यांनी माझा हात धरला, दुसऱ्या दिवशी मऊ खिचडी पाठवली. खरं सांगितलं असतं तर खिचडी आली नसती, सोसायटीभर बातमी गेली असती. त्या गेल्यावर मला तुझी फार आठवण आली.

खडकीच्या क्वार्टरमधली ती दुपार. तुला ताप आहे, म्हणून फॅक्टरीत कामाला गेलेली नाहीस, आणि मी तुला आंघोळ घालते आहे. तू नेहमीसारखी पाठ करून बसली आहेस. टॉवेल पुढे करताना मला दिसतं. कातडी आत ओढलेली, खाली दगडासारखं काहीतरी. कधीपासून, विचारते. ‘असेल दिवाळीपासून,’ तू म्हणतेस. दाखवलं का नाहीस? ‘फॅक्टरीच्या दवाखान्यात पुरुष डॉक्टर आहे. त्याला काय दाखवू, गेटपास?’ मी हसले, आई. कॉलेजात शिकणारी मुलगी, हातात टॉवेल घेऊन हसले, कारण तू हसवलंस. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर आमच्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते. नंतर तू जाईपर्यंत तुला पाणी पाजण्यापलीकडे माझ्या हातात काही उरलं नाही.

आणि आता तुझंच दुखणं मी माझ्या अंगावर पांघरलं. तू गाठ लपवलीस आणि मी नसलेली गाठ पुढे केली. लाज मात्र तीच, जराही झिजलेली नाही.

काल पट्ट्या निघाल्या. आरशासमोर उभी राहिले. व्रण लालभडक आहेत, डावी बाजू जरा वर वाटते. सूज उतरली की सारखी होईल म्हणतात. तरी मला बरं दिसलं, खोटं कशाला बोलू. यांनी बाहेरून विचारलं, ‘ठीक आहे ना?’ मी हो म्हणाले.

हे लेकीला वाचायला द्यावं असं लिहिताना वाटत होतं. देणार नाही. ऑपरेशनच्या आधी सोनोग्राफी, मॅमोग्राफी सगळं झालं होतं, सगळं स्वच्छ आलं होतं. तरी काल दाराला कडी घालून, जिथे स्पर्शही कळत नाही तिथे मी बोटांनी चाचपत राहिले. गाठ शोधत होते.