चहाच्या घोटाएवढी उसंत

प्रिय रो,

एकाच घरात राहणाऱ्या बायकोला कुणी पत्र लिहितं का, असं म्हणशील. खुशाल म्हण. तू सिडनीला आहेस, उद्या संध्याकाळच्या विमानानं येशील, आणि तोवर मला हे लिहून किटलीला टेकवून ठेवायचंय. तुला सांगण्यासारखी एक बातमी आहे. या महिन्यात मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा हवेपाण्यावर बोलून गप्प बसलो. बातमी वाईटच आहे, पण मला धास्ती तिची नाही. ती ऐकल्यावर तू काय करशील याची आहे. ती माझी बातमी आहे आणि थोडे दिवस माझ्याच हातात राहावी, एवढंच मला हवंय. तेव्हा मी माझ्या चालीनं, वळणं घेत येणार. शेवटचं पान आधी वाचू नकोस. तू वाचतेस, मला ठाऊक आहे. आणि चष्मा लाव, अक्षर फार बारीक आलंय.

इकडे सगळं ठीक आहे. बिस्किट बिचारी कुत्री, तुझ्या गमबुटांपाशी झोपते आणि माझ्याकडे असं बघते की जणू मीच तुला विकून आलोय. वरच्या चेरीच्या बागेतली छाटणी संपत आली. काल ग्लेनिस शिंपल्यांचं सारण भरलेला स्कॅलप-पाय देऊन गेली. दारातच उभी राहून म्हणाली, "तुझ्या बायकोला सांग, परवाच्या बैठकीत मी तिच्याशी कडाक्याचं भांडले आणि रात्री मला छान झोप लागली." पॅकिंग शेड सांभाळणारी ग्लेनिस, जी इतकी वर्षं तुझ्यापुढे फक्त मान हलवायची! मी म्हटलं, निरोप पोचवतो. हा पोचवला.

गेल्या हिवाळ्यात संचालक मंडळानं तुला सांगितलं, पलीकडच्या खोऱ्यातली चेरी कंपनी आपल्यात येणार, दुप्पट माणसं तुझ्या हाताखाली येणार, पण त्याआधी काही महिने माणसं सांभाळायला शिकवणाऱ्या एका कोचकडे जा. त्या संध्याकाळी तू बटाटे असे सोललेस की सालींबरोबर निम्मा बटाटा गेला. "मी काय आजारी आहे? कंपनी नफ्यात आहे ना?" मी आपला आगीत तेल ओतायला म्हणालो, "कोच म्हणजे फुटबॉलचा का? मैदानाला फेऱ्या मारायला लावणार, मध्यंतरात संत्र्याच्या फोडी देणार?" तू हसली नाहीस. कारण तुलाही माहीत होतं, नफा होता, पण एका वर्षात तीन चांगली माणसं सोडून गेली होती, आणि जाताना तिघंही फार गोड बोलून गेली होती. इतकं गोड माणूस खरं सांगायचं नसलं की बोलतं.

मग त्या कोचनं, लुपे फोनुआबाईंनी, तुझ्या हाताखालच्या, बरोबरीच्या आणि वरच्या लोकांकडून तुझ्याबद्दल निनावी मतं मागवली. तो शनिवार-रविवार मी विसरणार नाही. कोणतं वाक्य कुणाचं हे ओळखायला तू स्वयंपाकघराच्या टेबलावर पोलीस चौकीच थाटलीस. "हा स्वल्पविराम बागा बघणाऱ्या अँगसचा. 'प्रामाणिकपणे सांगायचं तर' असं फक्त ग्लेनिस म्हणते." मी चहा करत होतो आणि ऐकत होतो. त्यातलं एक वाक्य तू मला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलंस: 'रोवीनाकडे अडचण घेऊन गेलं की ती अडचण आपली राहतच नाही.' म्हणालीस, "बघ, निदान एकाला तरी माझी किंमत आहे." मी चहात साखर ढवळत राहिलो. साखर विरघळून गेली तरी ढवळत राहिलो. सोमवारी लुपेबाईंनी तुला विचारलं म्हणे, की ज्यानं हे लिहिलं तो कंपनीत टिकेल असं वाटतं का? परत आलीस आणि ते वाक्य पुन्हा काढून वाचलंस.

त्या बाईंबद्दल माझं मत मी तुला कधी सांगितलं नाही, ते आता सांगतो. मला वाटलं होतं, भिंतीवर टांगायची सुवचनं ऐकवून पैसे घेणाऱ्यांपैकीच असतील. पण त्यांनी तुला पहिल्याच भेटीत बजावलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मोजू." सगळ्यांना विचारून तू बैठका रेकॉर्ड केल्यास आणि इथं बसून ऐकल्यास. आधी मला वाटलं, मशीन बिघडलंय. तू प्रश्न विचारतेस आणि श्वासही न घेता त्याचं उत्तर देतेस. "अँगस, खालच्या बागेचं काय करायचं? मला वाटतं आपण..." अँगस बिचारा नुसता घसा साफ करताना ऐकू येतो. मी पोट धरून हसलो. तू रेकॉर्डिंग मागे नेलंस, परत ऐकलंस, परत मागे नेलंस. मग मलाही हसू येईना.

तुला बदलायचं होतं, ते मला दिसत होतं. पण मी म्हणालो, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तू ते जाऊन त्यांना सांगितलंस. त्यांनी माझ्यासाठी उत्तर पाठवलं: नवऱ्याचं बरोबर आहे, जुनी सवय सहसा पुसली जात नाही, पण नुसता निश्चयही टिकत नाही, निश्चयाला खुंटी लागते. अभ्यास करणाऱ्यांनी हे पुन्हा पुन्हा तपासलंय, की 'मी जास्त ऐकेन' असं ठरवणाऱ्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं ठरवणारा जास्त वेळा ते करून दाखवतो. आणि ते तमुक काय असावं हे तुझं तूच शोध, असंही म्हणाल्या. तू शोधलंस: प्रश्न विचारला की चहाचा घोट घ्यायचा. तोंडात चहा असला की बोलता येत नाही. इतकी साधी गोष्ट!

पहिले काही आठवडे काय तमाशा होता, रो! बैठकीत तू इतका चहा पिऊ लागलीस की दर अर्ध्या तासाला बैठक थांबवून बाथरूमला पळायचीस. अँगस मला पबमध्ये म्हणाला, "बॉसला मधुमेह तर नाही ना?" मग हळूहळू घोट लहान झाले. तू ते घरीही आणलंस, तेव्हा मात्र माझी पंचाईत झाली. आयुष्यभर मला फक्त कळवण्यात आलं होतं की रविवारी कोकराची तंगडी आहे. आता एकदम, "नेव, रविवारी काय खायचं?" आणि पुढे तू, हातात कप, माझ्याकडे बघत. काय सांगू? मला काय आवडतं ते मलाच आठवेना. शेवटी ब्रीम मासा म्हणालो. तू पकडून आणायला मलाच पाठवलंस.

गंमत बाजूला. तुझ्या त्या जुन्या सवयीनं मला कधी त्रास झाला नाही, असं मी लोकांना सांगत आलोय, आणि बहुतेक ते खरं आहे. बाबा गेले तेव्हा मी रडायच्या आधी तू सँडविचेसची ऑर्डर दिलीस, चर्चशी बोललीस, त्यांचे कपडे बांधून दान करायला देऊन आलीस. मला केवढा आधार वाटला होता. फक्त त्यांचा तपकिरी स्वेटर मला ठेवायचा होता. तू विचारलंही होतंस, "काही ठेवायचंय का?" आणि मी आठवत होतो तोवर गाडी सुरू झाली होती. प्रेमानंच चाललं होतं ते सगळं, त्यावर काय बोलायचं? मी गमतीनं म्हणायचो, आपला दोघांचा धंदा एकच. मी हेलिकॉप्टर घेऊन झाडांवर घिरट्या घालतो, तू माणसांवर. चेरीवर पावसाचं पाणी राहिलं की फळ फुटतं, म्हणून पाऊस थांबला रे थांबला की पात्यांच्या वाऱ्यानं ते झाडून टाकायचं. तूही माणसाचे डोळे भरायच्या आत ते कोरडे करतेस. पण माणूस चेरी नाही, ते पाणी थोडं राहिलं तरी तो फुटत नाही.

आता डिसेंबरातली ती ओली सकाळ. खालच्या बागेतली फळं तयार, रात्रभर पाऊस, शेडमध्ये सगळे उभे. आधीची तू असतीस तर केव्हाच सांगून मोकळी झाली असतीस. तू विचारलंस, "उडवायचं का?" आणि घोट घेतलास. अँगस म्हणाला, सगळीकडे उडवा. ग्लेनिस उसळली, "आणि निम्मी फुटलेली फळं माझ्या बायकांनी निवडत बसायची? खालच्या दोन रांगा सोडून दे की आता!" ते तुझ्यासमोर दणदणीत भांडले, तू एकदाही मध्ये पडली नाहीस, आणि त्या दोन रांगा सोडून बाकी सगळीकडे उडवायचं, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. मला तुझा इतका अभिमान वाटला, की मी ठरवून बाहेर बघत राहिलो.

मग तू माझ्याकडे वळलीस. "नेव, तू? तुझं काय मत?" आणि परत घोट. सगळे थांबले होते. मला जे सांगायचं होतं त्यासाठी आख्ख्या आयुष्यात मिळालेली ती सगळ्यात मोठी उसंत होती. आणि मी म्हणालो, "मी तयार आहे." वर गेलो, आणि दुसऱ्या रांगेच्या टोकाला परत खाली आलो. इंजिनाचा आवाज मला ठीक वाटत नाही म्हणून सांगितलं, बाकीचं काम शेजारच्या खोऱ्यातल्या पायलटनं केलं. नंतर मेकॅनिकनं इंजिन दोनदा उघडलं, त्याला काही सापडलं नाही. सापडणार कसं? इंजिन ठणठणीत होतं. हेलिकॉप्टरमध्ये वर-खाली करायचा दांडा डाव्या हाताला असतो, आणि त्या सकाळी माझा डावा हात माझं ऐकत नव्हता.

त्यानंतर मी उडालेलो नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मोसम संपला म्हणून असेल, असं तू धरून चाललीस. गेल्या महिन्यात होबार्टला सुटा भाग आणायला गेलो होतो ना, तो भाग म्हणजे एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, मग एक ओळ लिहायला सांगितली. अक्षर किती दिवसांपासून असं बारीक होत चाललंय, म्हणून विचारलं. कंपवात आहे, रो. सुरुवात आहे, गोळ्या आहेत, वर्षं आहेत. बाईंनी नीट समजावून सांगितलं आणि मला कळलं. पायलटचा परवाना मी माझ्या हातानं परत केला. कुणी मागायच्या आधी द्यायचा होता, दिला. परतताना नदीकाठी गाडी लावून एक स्कॅलप-पाय खाल्ला आणि बराच वेळ रडलो. कुणी पुसायला नव्हतं. खरं सांगू, बरं वाटलं.

हे वाचताना तू आतापर्यंत उठली असशील. फोन हातात असेल. मेलबर्नचा सगळ्यात मोठा तज्ज्ञ, बाथरूममध्ये धरायला दांडे, हेलिकॉप्टरला गिऱ्हाईक, जिन्याचं काय, हे सगळं तुझ्या डोक्यात मांडूनही झालं असेल. ते तुझं प्रेम आहे, मी ओळखतो. त्यातलं बरंचसं पुढे करावंही लागेल आणि तुझ्याइतकं चांगलं कुणी करणार नाही. पण आधी बस. त्या निनावी कागदातलं 'अडचण आपली राहतच नाही' हे वाक्य कुणाचं, हे तुला शेवटपर्यंत कळलं नाही. मला कुणी विचारलं असतं, तर मीही तेच लिहिलं असतं. लुपेबाईंचं आणि तुझं काम काल संपलं. त्यांना माझे आभार सांग. बैठकीत आता कोण किती बोलतं हे त्यांनी पुन्हा मोजलं असेलच, पण घरातलं मोजायचं त्यांच्याकडून राहिलंय. मी मागच्या ओट्यावर आहे, बिस्किटही इथंच आहे. चहा कर, दोन कप घेऊन बाहेर ये आणि मला विचार, "नेव, तुला काय वाटतं?" मग घोट घे. मला वेळ लागेल, चहा गार होईल, झाला तर दुसरा करू. ही अडचण थोडे दिवस माझी राहू दे, रो. मग दोघांची करू.

तुझाच,
अजून तरी जमिनीवर पाय असलेला,
नेव