समासातली नावं

१८ फेब्रुवारी १९९२, मंगळवार

पोचले एकदाची! करागांडाहून दोन दिवस आगगाडी, मग तलासपर्यंत बस, आणि शेवटचे नऊ किलोमीटर बुरुल नावाच्या किरगिझ बाईच्या गाडीत, दुधाच्या कॅनांच्या मधे चेपून. बुरुलचं तोंड वाटभर बंद नव्हतं. तुम्ही जर्मन लोक म्हणजे कमाल, म्हणाली. शेजाऱ्याला न सांगता घर विकाल, पण निघताना कोंबड्यांनासुद्धा बायबलचं वचन देऊन जाल.

तांते युस्टिनांचं (तांते म्हणजे मावशी) घर ऊबदार आहे. मला वेगळी खोली, भिंतीपलीकडे भट्टी. आल्या आल्या त्यांनी एकावर एक बसवलेले जोडपाव, डुकराचं खारं मांस आणि भाजलेल्या जवाची कॉफी पुढ्यात ठेवली. स्वतः आंधळ्या, पण एक थेंब सांडला नाही. त्यांचा भाऊ जर्मनीत आहे. उन्हाळ्यात तो माझ्या आणि माझ्या मुलीच्या, लेनाच्या, नावाने बोलावण्याचे कागद पाठवणार. तोवर मी त्यांच्याकडे राहायचं आणि त्यांचं वाचायचं-लिहायचं काम करायचं. लेना माझ्या आईकडे आहे, बारा वर्षांची, सुट्टीत येईल.

माझा नवरा पेटर खाणीत मेला त्याला वर्ष झालं. तेव्हापासून मला काही वाटत नाही, वाईटही नाही आणि बरंही नाही. आज आनंद व्हायला हवा, म्हणून लिहून ठेवते की आनंद आहे.

२० फेब्रुवारी

काम सोपं आहे. न्याहारीनंतर खिडकीशी बसून तांतेंच्या बायबलमधून वाचायचं, त्या थांबवतील तिथे रेघ मारायची आणि सांगतील ते समासात लिहायचं. धर्मावर बंदी होती त्या वाईट दिवसांत त्यांच्या वडिलांनी हे पुस्तक मधमाश्यांच्या पेटीत लपवलं होतं. पानांना अजून मेणाचा वास येतो.

पेन्सिल एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. लाल देवाच्या आश्वासनांना. निळी जाणाऱ्यांना: गाव सोडणाऱ्या प्रत्येकाला निरोपाचं वचन, आणि समासात त्याचं नाव नि तारीख. अर्धं गाव जर्मनीला गेलंय, त्यामुळे समास भरत आलेत.

खाणीच्या कचेरीत माझं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं. मी पट्टी धरून रेघ मारते. तांतेंनी नखाने रेघ चाचपली आणि म्हणाल्या, पोरी, अशी सरळ रेघ मला कितीतरी वर्षांत मिळाली नव्हती. मी शाळकरी मुलीसारखी फुगले.

आज एकच निळं नाव, हाइनरिश एसाऊ. त्याच्या सामानाच्या पेट्या बांधून तयार आहेत.

२७ फेब्रुवारी

हाइनरिश एसाऊ बसच्या थांब्यावर गेला. पेटीवर बसला तो उठलाच नाही. दफनाच्या वेळी प्रवचनकार ओम योहान (ओम म्हणजे काका) मला विचारू लागले, कुठलं वचन दिलं होतं तांतेंनी? मी सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

परवाचं नाव इझाक पेनरचं. त्याच्याकडे कागद नाहीत, त्याला जायचंही नाही. हे मी तांतेंना बोलले, तर म्हणाल्या, जाईल.

६ मार्च

इझाक गेला. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा म्हातारा, कुंपण दुरुस्त करताना पडला. त्याच्यानंतर टोव्सांची धाकटी मुलगी, दोन दिवसांच्या तापाने.

शेजारणी रोज काहीतरी घेऊन येतात. फळांचा केक, लोणी, लोकरीचे मोजे. माझ्या अक्षराचं कौतुक करतात आणि निघताना सहज म्हटल्यासारखं म्हणतात, आमच्या घराचा विषय काढू नकोस हं तांतेंपुढे. टिना पेनर म्हणाली, तुझ्याआधी होती तीही गुणी होती, जर्मनीला गेली.

मला कळलंय. तिसऱ्या नावालाच कळलं होतं. तरी आज चौथं लिहिलं. घर ऊबदार आहे, कागद उन्हाळ्यात यायचेत, आणि मला काही वाटत नाही. हे वाचून कुणी मला राक्षसीण म्हणालं तर म्हणो.

१२ मार्च

उजव्या हाताची तीन बोटं बधिर झालीत. सुई टोचून पाहिली. रक्त आलं, दुखलं नाही.

तांतेंना स्पष्ट विचारलं, तुम्ही निवडता का ही माणसं? त्यांना वाईट वाटलं. म्हणाल्या, अगं, हाइनरिशला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. मला नाव ऐकू येतं, मी सांगते. मी म्हटलं, आणि नाहीच लिहिलं तर? त्या म्हणाल्या, पूर्वी इथे लिहायची त्या सारानं एकदा रेघ मारून समास कोरा ठेवला होता. त्या आठवड्यात रायमरांच्या भट्टीचा धूर घरात कोंडला आणि पाच जण गेले. रिकामी ओळ स्वतः माणसं शोधते, बाळा.

माझा हात चोळून, फुंकर घालून, त्यांनी तो ऊन पाण्यात धरला. त्या खरंच मायाळू आहेत.

१६ मार्च

दूध घालायला आलेली बुरुल उंबऱ्याबाहेर उभी राहते, आत येत नाही. आज म्हणाली, तुमच्या त्या पुस्तकात माझं नाव घालू नकोस, मी नमाज पढणारी बाई, चुकून तुमच्या स्वर्गात पोचले तर तिथे डुकराचं मांस वाढाल. स्वतःच हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, मुलीला इथे आणू नकोस.

तांते मात्र रोज विचारतात, लेना कधी येणार?

१९ मार्च

मागची पानं चाळली. निळ्या नावांचं अक्षर सारखं नाही. सात-आठ जणींची हस्ताक्षरं मोजली. प्रत्येक हस्ताक्षर एका जागी संपतं, आणि शेवटचं नाव ते लिहिणारीचं स्वतःचं असतं.

साराचंही तसंच. फक्त तिच्या नावाखाली काहीतरी खोडलंय. पान खिडकीला धरलं. आन्ना. सारानं आन्नाचं नाव खोडून तिथे आपलं लिहिलं. पुढे गोल, शाळकरी अक्षर सुरू होतं. कुणाचं ते पाहिलं नाही. पुस्तक मिटलं.

आन्ना कोण, टिनाला विचारलं. साराची मुलगी, म्हणाली, आईनंतरही इथेच होती. चांगली पोर. आणि टिना लगबगीने निघून गेली.

म्हणजे साराची युक्ती चालली, आन्ना वाचली. एवढं मला पुरे.

२२ मार्च, रविवार

लेनाला येऊ नकोस अशी तार करायला टपाल कचेरीत गेले. आईचं उत्तर आलं, काल सकाळच्या गाडीने निघाली.

बधिरपणा मनगटापर्यंत पोचला.

२३ मार्च

आज मार्क, पाचवा अध्याय. याईराची मुलगी. मला पाठ आहे. मुलगी बारा वर्षांची, येशू हात धरतो, ती उठते, तिला खायला द्या म्हणतो.

तिथवर पोचूच दिलं नाही. पस्तिसाव्या ओवीला तांते म्हणाल्या, थांब. तुझी मुलगी मेली, एवढंच. निळी.

मी म्हटलं, पुढे वाचते, पुढे ती उठते. मी बेचाळीसपर्यंत रेघ मारते. त्या म्हणाल्या, तेवढीच. मी रडायला हवं होतं. मी पट्टी लावली. सरळ रेघ आली.

नाव सांगा, म्हटलं. त्या म्हणाल्या, नाव तुला ठाऊक आहे, बाळा. त्या रडत होत्या, मी नाही.

लेना लिहिलं. माझ्याच हाताने. बधिर हाताला काय कळतं.

मग रबर घेतलं. कागद पातळ, फाटला थोडा. त्यावर लिहिलं — आगाथे यान्झेन. तारीख.

आणि दुखलं. बोटं, मनगट, पेटर, सगळं एकदम दुखलं. वर्षभराचं. ओरडले. किती बरं वाटलं —

मग परत काही नाही.

२४ मार्च

डाव्या हाताने लिहितेय. उजवा गेला, खांद्यापर्यंत.

लेना आली. बुरुलने दारात सोडली. उंच झालीय, गाल लाल. जिवंत. साराचं खरं ठरलं. ती मिठीत होती तेव्हा मला रडू आलं. तिला वाटलं प्रवासाचं. पाव खाऊन आले म्हणाली, आणि परत दोन खाल्ले.

दुपार

खाटेवर. पाय नाहीत, म्हणजे आहेत, पण —

भिंतीपलीकडे तांतेंचा आवाज. वाचता येतं का तुला? येतं की, वर्गात पहिली आहे मी. बढाईखोर. माझ्यासारखी.

वाचतेय. स्वच्छ, न अडखळता —

गोल शाळकरी अक्षर. सारानंतरचं. आन्नाचं होतं. सारानं तिला वाचवलं आणि तिच्या हातात पेन्सिल —

लिहिणारीची जागा रिकामी राहू नये म्हणून —

हाक मारतेय. जीभ जड. आवाज नाही निघत —

पट्टी सरकली. ऐकू आली. तांते म्हणतायत, किती सरळ, अगदी आईसारखी. आता समासात लिही —

लेना पेन्सिल खाली ठे