बेसमेंटमधला बागुलबुवा

शॉमबर्ग, मंगळवार, १८ जानेवारी २००५

निळा कप मिळाला नाही म्हणून सईने आज पुन्हा थयथयाट केला. अडीच वर्षांच्या पोरीला समजावायचं तरी किती? शेवटी नेहमीसारखं बेसमेंटच्या दाराकडे बोट दाखवलं. "रडलीस तर बागुलबुवा येईल." खाली घर गरम ठेवणारी फर्नेस घुमत होती, तेवढं पुरतं. लगेच गप्प झाली. सुटले, वाटलं.

डिशवॉशर लावून आले तर ही त्याच दाराला गाल लावून बसलेली. हलके हलके दार थोपटत होती.

"आई, ही इज क्रायिंग."

हसू यायला हवं होतं ना मला? आलं नाही. घुमणं चालूच होतं.

मग दाराच्या फटीशी तोंड नेऊन, अगदी माझ्याच आवाजात, ती म्हणाली, "गप्प बस. नाहीतर आई येईल."

आणि खालचं घुमणं थांबलं.